सड्यावरचा चुना

आमच्या कड्याला नाव नाही. चढायला येणारी माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात आणि मी हेच उत्तर देते. मग ती हसतात. त्यांना वाटतं, बाई थट्टा करतायत. कडा नेमका कुठे आहे, तेही मी इथे लिहिणार नाही. रत्नागिरीहून एसटीने जाता येतं, पुढे चालावं लागतं, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार आहे, खाली खाडी आहे. एवढं पुरे. ज्याला यायचंच आहे तो विचारत विचारत येईल.

मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. पी.टी.च्या बाई म्हणजे पंधरा ऑगस्टच्या कवायतीपुरत्या, आणि कुणी शिक्षक रजेवर गेला तर त्याचा वर्ग गप्प बसवण्यापुरत्या. घर रत्नागिरीत मांडवीला, गळ्यात शिट्टी, आणि डोकं जरा गरम. कॉलेजात असताना मी हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स करून आले होते. आमच्या अख्ख्या आळीत हिमालयात जाऊन आलेल्या आम्ही दोघीच. दुसऱ्या शेजारच्या काकू, त्या बद्रीकेदारला गेल्या होत्या. परत आल्यावर माझी पंचाईत झाली ती अशी, की रत्नागिरीत चढायचं कशावर? जिकडे बघावं तिकडे जांभा. त्याची घरं छान होतात, पण कड्यावर तोच दगड धरून लटकलं की मुठीत लाल भुगा उरतो.

अठ्ठ्याण्णव साली, पाऊस सरल्यावर, माझा आतेभाऊ घरी आला. त्याची हापूसची बाग होती आणि लहानपणापासून तो झाडावरच राहिलेला, त्यामुळे मी त्याला दोराच्या गाठी शिकवून माझा जोडीदार करून टाकलं होतं. दारातूनच ओरडला, "ताई, तुझ्यासाठी स्थळ बघून आलोय!"

आत आईच्या हातातली पळी थांबली.

"उंच आहे, काळा आहे, खाडीकाठी पाय रोवून उभा आहे. खानदान माहीत नाही."

आईने पळी पुन्हा आमटीत घातली ती जरा जोरातच. मी मात्र त्याच रविवारी स्थळ बघायला गेले.

वर नेहमीचा सडा, मैदानासारखा पसरलेला, सुकत आलेल्या गवताचा. त्याच्या कडेला जांभ्याचा एक जाड थर, आणि त्याखाली काळा कातळ. खरा, टणक, बोटांना विश्वास वाटेल असा. आम्ही गुरांच्या पाखाडीने, उताराच्या दगडी वाटेने, खाली उतरलो आणि पायथ्याशी उभं राहून वर बघितलं. डाव्या अंगाला चढायच्या चारपाच वाटा मला लगेच दिसल्या. पण उजव्या अंगाला पायापासून माथ्यापर्यंत एकच भेग होती. खाली बोटं जातील एवढी, मध्ये मूठ जाईल एवढी, आणि वर छपरासारख्या पुढे आलेल्या कातळाखालून वळून बाहेर पडणारी. मान दुखेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. लपवायचं कशाला, मी त्या भेगेच्या प्रेमात पडले. ती कुणी चढलं असेल तर ते सरडेच. तिच्यावर पहिला हात माझा पडला पाहिजे, असं मला इतक्या तीव्रतेने वाटलं की माझीच मला लाज वाटली.

आणि नेमकी त्याच छपराखाली आग्यामोहोळं लटकलेली होती. ओळीने, काळीभोर, मधूनच एखादी लाट अंगावरून फिरल्यासारखी हलणारी. आग्या माशी एकदा उठली की माणसाला खाडीत बुडी मारूनही सोडत नाही, हे कोकणात शेंबडं पोरही जाणतं.

"स्थळ चांगलं आहे," भाऊ हळू आवाजात म्हणाला, "पण सासर तिखट दिसतं."

तेव्हा ठरलं की डाव्या अंगाला काम करायचं आणि उजवीकडे बोटही लावायचं नाही. माझ्या कोर्सात ओळख झालेला मुंबईचा एक लीडर होता. त्याच्या ग्रुपने आम्हाला एक दोर आणि थोडं सामान वापरायला दिलं होतं. नवा कडा मिळाल्याचं मी त्याला मोठ्या उत्साहाने कळवलं. तो खूश झाला. "कडा साफ कर, रूट ओपन करू," म्हणाला.

कडा साफ करणं हे काम किती जिकिरीचं असतं ते केल्याशिवाय कळत नाही. सुटा झालेला प्रत्येक धोंडा वरून दोरावर लटकत हाताने हलवून बघायचा. हलला तर खाली कुणी नाही ना बघून, ओरडून, सोडायचा. शेवाळ घासायला लीडरने तारेचा ब्रश सांगितला होता. त्याने कातळावर पांढरे ओरखडे उठायला लागले म्हणून मी तो पहिल्याच दिवशी पिशवीत टाकला आणि घरून नारळाची सोडणं आणली. भांडी घासायला चालतात तर कड्याला का नाही? पायऱ्यांसारख्या खाचांत कुठे नेचे होते, कुठे गवताचे झुबके. ते आम्ही उपटले नाहीत. त्यांना टाळून वाट काढली. भाऊ म्हणायचा, "ताई, ही वाट अवघड झाली ती या एका गवतासाठी." मी म्हणायचे, "मग अवघड चढ." दोर बांधायला माथ्यावर जांभ्यात काही ठोकण्यात अर्थ नव्हता. तिथे एक जुनी किंजळ होती. तिच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळून त्यावर पट्टा घ्यायचा आणि निघताना दोन्ही सोडवून न्यायचे. नवी पायवाट पाडायची नाही. गुरांची पाखाडी आहे, ती माणसांना चालते. आणि कड्याखाली बिस्किटाचा कागद दिसला तर मी शिट्टी मारायचे. भाऊ एकटाच असला तरी मारायचे.

एवढी सगळी काळजी घेतली, आणि घोटाळा झाला तो त्या काळजीतूनच.

झालं असं. पडणाऱ्या धोंड्यांपासून कुठवर लांब राहायचं ते कळावं म्हणून पायथ्याशी खूण हवी होती. वर सड्यावरही, जांभ्याची कड जिथे पोकळ वाजत होती तिथे माणसाने पुढे जाऊ नये, म्हणून रेघ हवी होती. आता पी.टी.च्या बाईला खूण करायला सांगितली तर ती काय करणार? मी बाजारातून चुन्याची गोणी आणली, मैदान आखायची माझी टेप आणली, आणि अख्ख्या सड्याच्या कडेने सरळसोट पांढरी रेघ ओढली. पोकळ जागी फुल्या मारल्या. शंभर मीटरचे पट्टे आखून हात इतका बसलेला की रेघ कशी, दोरीसारखी. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी सड्यावर वाडी उभी होती. बापये, बाया, गवत कापायला निघालेल्या म्हाताऱ्या, हातात कोयती. सगळ्यांच्या पुढे गावकर. त्या वाडीचं देवाधर्माचं, भांडणतंट्याचं सगळं हेच म्हातारे गृहस्थ बघत. मी शाळेत शिकवते हे कुणीतरी सांगितलं असावं, कारण सुरुवात मोठ्या आदराने झाली.

"बाई," गावकर म्हणाले, "आमाला चुना लावायला आलात?"

मला पहिल्यांदा काही उलगडलंच नाही. भाऊ हसायला लागला आणि गावकरांचा चेहरा बघून गप्प झाला.

"पलीकडच्या सड्यावर असाच चुना वडलान," ते म्हणाले. "मंग यंत्र आनलान. चिरे काडून काडून सडा निस्ता खड्डा करून ठेवलान. तुमचा मालक कोन?"

मालक! माझा पारा चढला. मालक कुणी नाही, मी स्वतःच आहे, मी कड्यावर चढते, आम्ही फक्त कडा साफ करतोय, असं मी एका दमात सांगितलं. आणि ज्या शब्दाने वाचायचं त्याच शब्दाने पुरती बुडाले.

"साफ!" एक आजी बाकीच्यांकडे वळून ओरडली. "ऐकलात? साफ करताव म्हनते!"

चूक त्यांची नव्हती. टेप, चुना, फुल्या, शहरातली बाई, आणि तोंडात 'साफ'. त्या दिवसांत कोकणात सड्यावर पांढरी रेघ दिसली की माणूस हातचं काम टाकून धावायचा, कारण रेघेमागून जे यायचं ते कुणाला विचारून येत नसे. मीही विचारलं नव्हतंच. कडा तर होता तिथेच होता, विचारायचं कुणाला, असं माझं डोकं चाललेलं. दोर आणि सामान वाडीने उचललं आणि आम्हाला देवळासमोरच्या सहाणेवर नेऊन बसवलं. ही सहाण म्हणजे शिमग्यात पालखी जिथे ठेवतात तो दगडी चौथरा. तिथे खोटं बोलत नाहीत.

मी तासभर बोलले असेन. कुणाचा विश्वास बसेना. बाईमाणूस एवढ्या लांबून येऊन कड्याला लटकतं आणि त्यात मिळत काहीच नाही, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी मी वैतागून उठले. म्हटलं, "चला, दाखवते." सगळी वाडी माझ्यामागून पाखाडी उतरली. दोर परत मिळाला. भावाने खालून तो सांभाळला आणि मी डाव्या अंगाची सगळ्यात चांगली वाट चढून किंजळीला हात लावला. खाली उतरले तेव्हा कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. कोयतीवाली आजी पुढे आली.

"वर काय होता?"

"काही नाही."

"नारल नाय, आंबो नाय, काय नाय?"

"नाही."

"मंग चडलीस कशाला?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. म्हटलं, "आजी, शिमग्याला तुम्ही पालखी खांद्यावर घेऊन नाचवता. खांदे सुजतात. ती नाचवून काय मिळतं? पालखी तर शेवटी देवळातच ठेवायची असते."

हसणं थांबलं. मी जरा जास्तच बोलले की काय, असं भावाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. गावकर मात्र माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

त्या दिवशी ठरलं ते असं. चढायला यायचं तर आधी वाडीत यायचं, विचारायचं, मग कड्यावर जायचं. आग्या माशीला हात लावायचा नाही. "ती राखनदाराची गुरं," गावकर म्हणाले. त्या जागेचा राखणदार कड्यात राहतो आणि माशा त्याच्या, त्या येतात तेव्हा येतात, जातात तेव्हा जातात. आणि तिसरं सांगताना त्यांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं. "सड्यावर परत चुना पडता नये."

मी कबूल केलं. मग त्यांनी कड्याच्या पायाशी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा, ही लेकरं तुझ्या अंगाखांद्यावर चडतत, त्यांना सुखरूप चडव, सुखरूप उतरव, त्यांच्या मनात काय वाईट आसंल तर तां तुझ्या तू बघून घे. सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणाली. शेवटच्या वाक्याला जरा जोरात म्हणाली.

हंगामाच्या मध्यावर लीडर आला. बरोबर ड्रिल मशीन, पिशवीभर बोल्ट, आणि ग्रुपची चारपाच पोरं. वाडीत न थांबता थेट पायथ्याशी गेला. आम्ही धावत मागून. तो डावीकडे बघायलाही तयार नव्हता. त्याने भेग बघितली आणि मला जे झालं होतं तेच त्याला झालं. मला ते ओळखू आलं, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"ही लाईन," तो म्हणाला. "इथे कॅम्प घेऊ. पेपरवाल्यांना बोलवू. नाव मी ठरवलंय."

"माशा आहेत," मी म्हटलं.

"धूर करू. अर्ध्या तासाचं काम."

मी त्याला सांगितलं की खाली वाडी आहे, पायवाटेने शाळेची पोरं जातात, माशी उठली तर ती कॅम्पवाल्यांना शोधत बसणार नाही, जो दिसेल त्याला धरेल. त्या माशा स्वतःहून जातात, तेव्हा चढू. आणि भेग आहे, तिच्यात पाचरीसारखी सुटी साधनं अडकवता येतात, चढून झालं की काढून आणता येतात, मग कातळाला भोकं पाडायची कशाला? तो ऐकत होता, पण डोळे वरच होते.

"माशा जाणार कधी?"

"वैशाखात."

"वैशाखात या कातळावर कोण चढतं? भाजून निघेल माणूस. हे बघ, तू नाही ओपन केलीस तर दुसरं कुणीतरी येऊन करेल. मग बसशील हात चोळत." आणि मी हलत नाही असं बघून म्हणाला, "कडा काय तुझा आहे?"

"माझा नाही. म्हणून तर धूर करायचा नाही. माझा असता तर एखादे वेळेस केलाही असता."

"आणि रोप कुणाचा आहे?"

दोर त्यांचाच होता. मी खांद्यावरचा दोर उतरवला, नीट गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. ड्रिल मशीनवाला पोरगा अजून आशेने उभा होता. मी पाखाडीच्या खालच्या तोंडाशी, तिथून माशांच्या बाजूला जायची जी एकच वाट होती, तिच्यावर फतकल मारून बसले. "धूर करायचा तर मला ओलांडून जा," म्हटलं. कोणी ओलांडलं नाही. ते गेले.

ते दिसेनासे झाले तेव्हा मला रडू फुटलं. दुःखाचं नाही, संतापाचं. ती भेग माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी माझ्याच हाताने दोर देऊन टाकला होता. भाऊ शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "ताई, स्थळ मोडलं म्हणायचं का?"

"मोडलं नाही," मी नाक पुसत म्हटलं. "मुहूर्त पुढे गेलाय."

आमचा स्वतःचा दोर यायला दुसरं वर्ष उजाडलं. डावीकडे आम्ही नेटाने चढत राहिलो. माझ्या शाळेतल्या काही थोरल्या मुली त्यांच्या आईबापांची परवानगी घेऊन यायला लागल्या, आणि त्या आधी वाडीत जाऊन "आजी, चढू का?" विचारायच्या. आजी दर वेळी म्हणायची, "वर काय नाय हां." वैशाखात एके दिवशी गावकरांनी निरोप धाडला, गुरं गेली. मी आणि भाऊ पहाटे पोचलो. छपराखाली नुसते मेणाचे काळे डाग उरले होते. ऊन कातळावर येईपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात मी भेग चढले. खाली बोटं, मध्ये मूठ, छपराखाली अख्खं खांद्यापर्यंत अंग कोंबून. दोन्ही हातांची सालपटं निघाली. वर आले तेव्हा मी किंजळीला मिठी मारली आणि मोठ्याने ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. भावाने मागून येताना प्रत्येक पाचर काढून आणली. कातळावर आमचं काहीच राहिलं नाही. माझ्या हाताचं रक्त थोडं लागलं असेल, ते पुढच्या पावसात गेलं.

लीडरला कळलंच. फोनवर म्हणाला, अभिनंदन, आता नाव काय ठेवतेस, नकाशा पाठव, छापू. मी म्हटलं नाव नाही आणि नकाशाही नाही.

"मग लोकांना वाट कळणार कशी?"

"वाडीत विचारतील."

"आणि वाडीने नाही म्हटलं तर?"

"तर परत जातील. एसटी असते."

त्याने फोन ठेवला. बरीच वर्षं पुन्हा केला नाही.

दोन हजार सालानंतर कोकणात रस्ते रुंद व्हायला लागले. रस्त्याला खडी लागते, आणि खडी जांभ्याची होत नाही. तिला काळा कातळच लागतो. हे मला माहीत होतं, पण ते आपल्या कड्यापर्यंत येईल असं कधी मनात आलं नव्हतं. एके दिवशी सकाळी मांडवीच्या घराचं दार वाजलं. बाहेर गावकर. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, पहिल्या एसटीने आलेले. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. आईने पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्याले नाहीत.

"बाय," ते म्हणाले, "तुझ्याकडं चुना हाय काय गो?"

आजवर मी त्यांची 'बाई' होते. शाळेतली, शहरातली, परकी. 'बाय' आपल्या घरच्या पोरीला म्हणतात. एका अक्षराचा फरक, पण मला गलबलून आलं आणि त्याच क्षणी कळलं की काहीतरी फार वाईट झालंय.

सड्यावर खडीच्या खाणीसाठी मोजणी झाली होती. या खेपेला खरी. पांढऱ्या रेघा, फुल्या, खुंट्या, कड्याच्या कडेपासून पार किंजळीच्या मागेपर्यंत. वाडीने विचारलं तर मोजणीवाल्याने सांगितलं की कागदावर हा सगळा पोटखराबा आहे, इथे काही पिकत नाही, इथे काही नाही, तुमचं बिघडतं काय? उरलेली मोजणी करायला ते दुसऱ्या दिवशी परत येणार होते. गावकरांनी पोरांना खुंटी उपटू दिली नव्हती. "खुंटी उपाटली तर पोलीस येतील," ते म्हणाले. "पन चुन्यावर चुना घालू नये, असा कायदा नाय ना?"

याच माणसाने माझ्या नाकासमोर बोट धरून सांगितलं होतं, सड्यावर परत चुना पडता नये.

मी शाळेत रजेचा अर्ज टाकला. भावाने बागेच्या टेम्पोत दोन गोण्या घातल्या. दिवसभर मी त्या सड्यावर जे केलं ते मी आयुष्यात कुठल्याही मैदानावर केलं नाही. कबड्डीची तीन मैदानं. खो-खोचे पाट. धावायचे पट्टे, वळणासकट. गोळाफेकीचं वर्तुळ. लंगडीचे चौकोन. मोजणीवाल्याच्या प्रत्येक रेघेला माझी एक रेघ कापत होती, प्रत्येक फुलीवर माझी एक फुली होती. बाया चुना पाट्यांतून आणून देत होत्या. कोयतीवाली आजी मागून येत रेघ वाकडी झाली की मला ओरडत होती. संध्याकाळी सड्यावर मूळची रेघ कुठली आणि माझी कुठली, हे मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले तेव्हा सामना चालू होता. वाडीतल्या पोरी एका बाजूला, त्यांच्या आया नऊवारीचे ओचे खोचून दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शिट्टी घेऊन मी. खुंट्या होत्या तिथेच होत्या. प्रत्येकीशेजारी एक म्हातारं माणूस घोंगडी अंथरून सामना बघत बसलेलं.

मोजणीचा साहेब हातातला कागद उलटसुलट करत रेघांमधून फिरला. मग माझ्याजवळ आला. "हे काय आहे?"

"मैदान."

"आमच्या खुणा कुठे गेल्या?"

"असतील इथेच. शोधा."

"अहो, कागदावर हा पोटखराबा आहे!"

आजीला तेवढंच ऐकू गेलं. तिने कंबरेवर हात ठेवला. "कुनाचा पोट खराब हाय? तुजा आसंल. आमी रोज भाकरी पचवताव."

त्याच्या बरोबरच्या माणसालाही हसू आवरेना. साहेबाने घड्याळ बघितलं. "खेळ संपेल कधी?"

मी म्हटलं, "एक बाजू हरली की." आणि शिट्टी वाजवली.

त्या दिवशी कुठलीच बाजू हरली नाही.

चुन्याने खाण थांबत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण मोजणी लांबली. ती लांबली तेवढ्यात वाडीचे मुंबईत नोकरीला असलेले बापये रजा टाकून आले, ग्रामसभेला कधी नव्हे ती बसायला जागा उरली नाही, आणि कागदावर जिथे काहीच नव्हतं तिथे काय काय आहे ते एकेकाने उठून सांगितलं. गुरांचं गवत. राखणदार. माशा. मैदान. शेवटी गावकर उठले आणि म्हणाले, "आनि आमच्या बायचा कडा." खाणवाला शेवटी निघून गेला. हृदयपरिवर्तन वगैरे काही झालं नाही त्याचं. त्याला पलीकडच्या खाडीजवळ दुसरा डोंगर मिळाला, जिथे भांडायला कुणी नव्हतं. तो डोंगर आता अर्धा आहे. एसटीतून जाताना दिसतो, आणि दर वेळी माझं टाळकं फिरतं.

आमच्याकडे माशा दर वर्षी येतात. त्या आल्या की उजवं अंग बंद, गेल्या की उघडं. चढणारे वाढलेत. ते आधी वाडीत येतात, कारण कड्याला नाव नाही, नकाशा नाही, आणि वाट वाडीशिवाय कुणी सांगत नाही. गावकर आता फार थकलेत, पडवीतच बसून असतात. नवा कुणी दिसला की त्याला वरखाली न्याहाळतात आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या गोणीकडे बोट दाखवतात.

"चुना हाय," म्हणतात. "अर्दी गोनी शिल्लक हाय."